विस्तव कितव्या पानावर आहे?

दादरच्या पुस्तकांच्या दुकानात गजाभाऊंनी सहा पुस्तके हातात घेतली आणि सहाही परत ठेवली. एकाचेही मुखपृष्ठ त्यांनी पाहिले नाही. पुस्तक उघडायचे, अंगठ्याने पाने सरकवायची आणि माझ्याकडे न बघता विचारायचे, "काटेसाहेब, ह्यात उजो खंयच्या पानार आसा?"

उजो म्हणजे विस्तव. गजाभाऊ मालवणकडचे. लालबागच्या आमच्या चाळीत जवळजवळ सगळा जन्म काढूनही त्यांची बोली तशीच राहिली होती. काटेसाहेब म्हणजे मी. औषधांच्या कारखान्यात माल तपासण्याच्या विभागात माझी नोकरी झाली. घरीसुद्धा मी मीठ वजन करून घालतो, त्यावरून त्यांनी मला हे नाव दिले. मुलीने वाढदिवसाला एक छोटी बार्बेक्यू शेगडी भेट दिली होती. तिच्यासोबत एखादे चांगले पुस्तक असावे म्हणून मी दुकानात गेलो होतो आणि ज्यांना त्यातले कळते अशा माणसाला बरोबर नेले होते.

पहिल्या पुस्तकात विस्तव चौसष्टाव्या पानावर निघाला. त्याआधी नुसत्या चटण्या आणि मसाले. "चौसष्ट पानां कोंबडी काय थंडीत कुडकुडत ऱ्हवतली?" असे म्हणून त्यांनी ते ठेवून दिले. दुसऱ्यात ठिकठिकाणी 'मध्यम आच' असे लिहिले होते. "मध्यम म्हणजे काय? कोणाची मध्यम? तुझी काय माझी?" हा प्रश्न मला पटला. आमच्या विभागात कोणी अहवालात 'मध्यम' लिहिले असते तर तो कागद मीही परत पाठवला असता. तिसऱ्या पुस्तकातल्या चित्रात शेगडीखालून गॅसची नळी गेलेली दिसली. "ह्यो उजो नाय, ही नळी."

काउंटरवरच्या बाई शेवटी म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला नक्की हवंय तरी काय?"

"पयल्या पानार उजो. मसालो मागसून."

"असं पुस्तक नाही आमच्याकडे."

"मग बाय, त्या फळीची जागा फुकट गेली."

आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. वाटेत मी म्हणालो, "गजाभाऊ, तुम्हीच सांगा. मी लिहून घेतो. तुमच्या नावाचं पुस्तक करू." परळच्या पुलाजवळ आल्यावर ते म्हणाले, "माझा नाव एकदाच छापून इला. गिरणीच्या फाटकार. कमी केलेल्यांच्या यादीत." आपले नाव दुसऱ्यांदा कुठेतरी छापून यावे, आणि या वेळी बऱ्या कारणासाठी यावे, एवढी एकच इच्छा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली असेल तर ती अशी, न बोलता.

गजानन परब गिरणीत बॉयलरवर होते. कापडाशी त्यांचा संबंध नव्हता, दगडी कोळशाशी होता. भट्टीत फावड्याने कोळसा मारायचा, पसरायचा, वाफेचा काटा उतरू द्यायचा नाही. ते सांगत, "रविवारी गिरणी बंद, पण उजो इझवचो नाय. राखेखाली दाबून ठेवचो. सोमवारी दार उघडला की वाफ तयार." गिरणी गेली तेव्हा त्यांनी चाळीच्या पटांगणात पत्र्याचे एक पिंप उभे कापून आडवे मांडले, त्यावर लोखंडी जाळी ठेवली आणि दर रविवारी सकाळी लोणारी कोळसा पेटवू लागले. बांगडे, सुके बोंबील, आणि महिन्यातून एकदा पाठीवर चिरून पुस्तकासारखी उघडलेली अख्खी कोंबडी. ती कोंबडी ज्याने खाल्ली त्याने दुसरीकडची भाजलेली कोंबडी निमूटपणे खाल्ली असेल, असे मला वाटत नाही.

त्यांच्याकडे थर्मामीटर नव्हता. जाळीवर वीतभर उंचीवर उजवा तळहात धरायचा आणि मोजायचे. ज्या आकड्याला चटका असह्य होऊन हात मागे येतो तो विस्तवाचा आकडा. आकडा लहान तर विस्तव जहाल. बांगड्याला दोनाचा विस्तव, कोंबडीला पाचाचा. मात्र ते मोजत ते घड्याळाप्रमाणे नव्हे. एक म्हटल्यावर त्यांचा डावा खांदा किंचित खाली जाई, वर येई, आणि मग दोन. मला उलगडा व्हायला दोन-तीन महिने लागले. ते फावडी मोजत होते. कोळशात फावडे घालायचे, उचलायचे, भट्टीत मारायचे, परत यायचे: एक. गिरणी बंद होऊन इतकी वर्षे झाली, तरी अंगातले फावडे चालूच होते.

मी स्टॉपवॉच घेऊन बसलो. अकरा रविवार मोजले. त्यांचे पाच माझ्या घड्याळात जितक्या सेकंदांचे भरत त्यात अकरा वेळांत अर्ध्या सेकंदाचाही फरक पडला नाही. आमच्या प्रयोगशाळेतली काही यंत्रे इतकी भरवशाची नव्हती. तो आकडा मी वहीत लिहून ठेवला. तो पाच नव्हता, पाचाच्या आसपासही नव्हता. मी त्यांना वही दाखवली तर म्हणाले, "लिवन ठेव. पण आकडो उघड्यार ठेव नको. मांजर येता."

त्यांच्या स्वभावातली दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. गजाभाऊ अपमान विसरत नसत. भांडतही नसत. एका कोळसेवाल्याने एका रविवारी त्यांना ओला कोळसा दिला. त्या दिवशी घरी व्याही जेवायला होते. गजाभाऊ त्या दुकानावरून पुढची बावीस वर्षे रोज गेले, रोज त्या माणसाला नमस्कार केला आणि कोळसा मात्र शिवडीहून पाठीवर आणला. तो माणूस वारला तेव्हा ते अंत्ययात्रेला गेले. मला बरे वाटले. मी म्हणालो, "मिटलं ना शेवटी?" ते म्हणाले, "लाकडां सुकी आसत काय नाय ता बघूक गेलंय."

चाळ पाडायची नोटीस लागली त्या वर्षी निखिल आला. तळमजल्यावरच्या जुन्या बिऱ्हाडातला हा नातू. आईवडील प्रभादेवीला राहायला गेले तेव्हा तो पाच-सहा वर्षांचा होता. आता तिशी ओलांडलेला, मोबाइलवर स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकणारा, गोड बोलणारा मुलगा. "आजोबा, तुम्ही लेजंड आहात. मी पुस्तक करतोय, उघड्यावरच्या भाजण्यावर. तुमच्याशिवाय होणारच नाही." गजाभाऊंनी एकच विचारले, "उजो खंयच्या पानार?" निखिल म्हणाला, "तुम्ही म्हणाल त्या पानावर." आणि माझ्यासमोर, माझ्या बायकोसमोर, हातात कोंबडीची तंगडी धरून तो म्हणाला, "पहिल्या पानावर तुमचं नाव टाकणार. शब्द आहे आपला."

सहा रविवार तो आला. गजाभाऊंनी हातचे काही राखले नाही. मसाल्यात काय, किती, कोकम कधी, कोंबडी उलटायची कधी, सगळे सांगितले. निखिल मोबाइल तिकाटण्यावर लावून ठेवी आणि स्वतः तंगड्या खाई. विस्तव गजाभाऊ पेटवत, हात गजाभाऊ धरत. निखिलने सहा रविवारांत एकदाही तळहात जाळीवर धरला नाही. वैशाली, माझी बायको, एकदा म्हणाली, "अरे, तू धरून बघ ना." तो हसला. "काकी, हातावर माझं पोट आहे."

पावसाळ्यानंतर छपाईला जाण्याआधीची पाने त्याने मला पाठवली. "काका, तुम्ही आकडेवाले. वजनं-मापं एकदा चेक करून द्या ना."

मी रविवारी सकाळी बसलो आणि संध्याकाळपर्यंत उठलो नाही. ग्रॅम बरोबर होते. पहिल्या पानावर विस्तव होता, तेही बरोबर. गजानन परब हे नाव पहिल्या पानावर नव्हते. शेवटच्या पानावर नव्हते. आभाराच्या यादीत सोळा नावे होती, त्यांत कॅमेरा भाड्याने देणाऱ्याचेही होते. एकेचाळिसाव्या पानावर ती कोंबडी होती आणि तिचे नाव होते 'माझ्या पणजीची विस्तवावरची कोंबडी'. खाली चार ओळी: पणजी चाळीच्या पटांगणात कशी शेगडी पेटवी, तिच्या हाताला कशी चव होती.

मी फोन केला. "निखिल, गजाभाऊंचं नाव राहिलंय."

"काका, राहिलं नाहीये. प्रकाशकांचं म्हणणं, फॅमिली स्टोरी पाहिजे. पणजी कनेक्ट होते लोकांना. बॉयलरवाला कसा कनेक्ट होणार?"

"शब्द दिला होतास."

"आजोबांना काय फरक पडतो आता, सांगा ना. त्यांना एक कॉपी देऊ. साइन करून."

मी पाने घेऊन गजाभाऊंकडे गेलो. तोवर ते परळला भाड्याच्या खोलीत राहायला गेले होते, पिंप चाळीबरोबर भंगारात गेले होते. त्यांनी चष्मा लावला आणि एकेचाळिसावे पान दोनदा वाचले. मग म्हणाले, "ह्याची पणजी माका म्हायत आसा. माळकरी बाई. चाळीत कोंबडी नुसती वरडली तरी दार लावी." आणि हसले. त्या हसण्यात हसू नव्हते.

मी म्हणालो, "अजून एक आहे. त्याने लिहिलंय, पाच सेकंद."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. निखिलने आकडा स्वतःच्या व्हिडिओवरून घेतला होता, आणि व्हिडिओत मधला 'रिकामा' वेळ कापलेला होता. एक, दोन, तीन, चार, पाच, झटपट. खांदा दिसत नव्हता. फावडे गेले होते. घड्याळातल्या पाच सेकंदांचा विस्तव म्हणजे जहाल विस्तव. त्यावर ती कोंबडी बाहेरून काळी होणार आणि हाडाजवळ लाल राहणार. माझ्या हातात लाल पेन होते. एक आकडा खोडून दुसरा लिहायचा, एवढेच काम. तेवढ्यासाठीच ती पाने माझ्याकडे आली होती.

"काय करू?" मी विचारले.

"तुका काय वाटता?"

"चुकीचा आकडा माझ्या हातून कधी पुढे गेला नाही, गजाभाऊ."

"मग घाल बरोबर. त्याची पणजी खूश जातली."

मी दोन रात्री नीट झोपलो नाही. तिसऱ्या दिवशी ठरवले. कोणाच्या पोटात कच्चे मांस जायला नको, तेवढे माझे कर्तव्य होते. म्हणून मी कृतीच्या शेवटी एक ओळ वाढवली: 'हाडाजवळ लाल दिसल्यास मांस परत विस्तवावर ठेवावे व पूर्ण शिजल्याशिवाय खाऊ नये.' निखिलने ती आनंदाने छापली. पाच सेकंद मात्र मी तसेच जाऊ दिले. तीस वर्षांच्या नोकरीत जे केले नाही ते एका कोंबडीसाठी केले. गजाभाऊंना सांगितले तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ऱ्हवांदे तसाच. दाबून ठेव. फुंकर मारूची नाय."

पुस्तक आले. निखिल प्रत घेऊन परळला आला, पेढे घेऊन आला, पाया पडला. गजाभाऊंनी एकेचाळिसावे पान उघडून त्याच्याकडून तिथेच सही घेतली. "हयच कर. पणजीच्या खाली." त्याला काही कळले नाही. सही मोठी झोकदार केली.

प्रभादेवीच्या एका मैदानात महिन्याभराने खाद्यजत्रा होती. तिथे निखिल लोकांसमोर स्वतः कोंबडी भाजून दाखवणार होता. 'पुस्तकात आहे अगदी तशी', असे फलकावर लिहिले होते. गजाभाऊ इस्त्रीचा सदरा घालून तासभर आधी जाऊन पहिल्या रांगेत बसले. मी शेजारी. माइकवरच्या बाईंनी पणजीची गोष्ट सांगितली. निखिलने कोळसा पेटवला, पुस्तक उघडे ठेवून जाळीवर हात धरला आणि लोकांना मोजायला सांगितले. दोनशे माणसे एका सुरात ओरडली: एक, दोन, तीन, चार, पाच. गजाभाऊंचा खांदा तेव्हा दोनदाच खाली गेला होता.

कोंबडी पंचवीस मिनिटांत काळी झाली. त्याने ती मोठ्या झोकात पाटावर घेतली आणि तंगडी उचकटली. लाल. दुसरी. तीही लाल. पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "अहो, पुस्तकातच लिहिलंय, लाल दिसलं तर परत ठेवा." लोक हसले. तिने ते भाबडेपणानेच म्हटले होते. ती ओळ माझी होती, म्हणून मी मान खाली घातली, पण खोटे कशाला सांगू, मला गार वाटले. परत ठेवली तर वरचा काळा थर फुटून पडू लागला. घामाघूम झालेल्या निखिलला तेवढ्यात पहिल्या रांगेतले गजाभाऊ दिसले. तो खाली वाकून, माइक हाताने झाकून म्हणाला, "आजोबा, जरा बघता का? प्लीज."

गजाभाऊ सावकाश उठले. काठी घेतली. माइक नीट झाकला गेलेला नव्हता, म्हणून सगळ्या मैदानाने ऐकले.

"तुझ्या पणजीक इचार."

आणि आम्ही घरी आलो. वाटेत त्यांनी मला उसाचा रस पाजला. इतका समाधानी माणूस मी त्या वर्षी दुसरा पाहिला नाही.

त्यानंतर दोन वर्षे ते जगले. शेवटी शेवटी हाताला कंप आला होता, तळहात धरता येत नव्हता. एका दुपारी मी विचारले, "गजाभाऊ, तो आकडा देऊन टाकू का निखिलला? पुष्कळ झालं आता." ते डोळे मिटून पडले होते. तसेच पडून म्हणाले, "नाव घातल्यान तर आकडो दी. नाय तर राखेखाली ऱ्हवांदे. मी नसलंय तरी उजो आसतलो." आठवड्याने ते गेले. विजेच्या दाहिनीला त्यांनी आधीच नकार देऊन ठेवला होता, "माका स्विचार भाजू नको." लाकडे रचली जात असताना मी एकेक ओंडका दाबून पाहिला. सुकी होती.

आमच्या चाळीच्या जागी आता बत्तीस मजली इमारत आहे. पटांगण होते त्याच्या वर, सातव्या मजल्याच्या मोकळ्या गच्चीवर, बिल्डरने ग्रॅनाइटचा बार्बेक्यू ओटा करून दिला आहे. सोसायटीच्या कमिटीने ठरवले की तिथे सगळ्यांच्या वापरासाठी एक पुस्तक ठेवायचे, आणि निवडायचे काम आकडेवाला म्हणून माझ्याकडे आले. मी पुन्हा दादरला गेलो. दहा पुस्तके पाहिली. दहांपैकी एकातच विस्तव पहिल्या पानावर होता. ते मी घेतले.

वैशालीने मुखपृष्ठ पाहून विचारले, "ह्याचंच? तुम्हाला दुसरं मिळालं नाही?"

"पुस्तक चांगलं आहे," मी म्हणालो, "फक्त दोन चुका आहेत."

त्या मी शाईने दुरुस्त केल्या. पहिल्या पानावर लिहिले: 'पान ४१ वरील कोंबडी गजानन परब, बॉयलर अटेंडंट, यांची आहे.' आणि एकेचाळिसाव्या पानावर पाच खोडून वहीतला आकडा लिहिला. पुस्तक ओट्याच्या खणात ठेवले, खणाची किल्ली माझ्याकडे. ज्याला हवी तो घेऊन जातो.

दिवाळीनंतर इमारतीतल्या कोणीतरी आमच्या कोंबडीचे फोटो टाकले. सोनेरी कातडी, हाडापर्यंत पांढरे मांस. खाली लिहिले होते, निखिलच्या पुस्तकावरून. त्याच संध्याकाळी निखिलचा मेसेज आला. "काका, दुसरी आवृत्ती निघतेय. ती कोंबडी कोणाचीच जमत नाहीये, तुमच्याकडे कशी जमली? तुमच्या कॉपीतलं पान पाठवा ना."

मी खण उघडला, पहिल्या पानाचा फोटो काढला आणि पाठवला.

लगेच उत्तर आले. "काका, हे नाही. ४१."

मी लिहिले, "आधी हे छापून आण."

त्याने वाचल्याच्या खुणा निळ्या झाल्या. त्याला आता पाच महिने होऊन गेले. आकडा मी इथेही लिहिलेला नाही, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आले असेल. नाव लिहिले आहे. मला घाई नाही. विस्तव दाबून ठेवला आहे. सोमवार कधी उजाडायचा, ते त्याने ठरवायचे.